चाळीस ढोल, वीस ढोल आणि डेसिबलचं वर्गमूळ

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातलं एक तालुक्याचं गाव. इथल्या कनिष्ठ महाविद्यालयात मी अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवते. गावाचं, मंडळांचं आणि मुलांचं नाव मुद्दामच दिलेलं नाही. प्रसंग जसा घडला तसा लिहिते आहे.

अकरावी विज्ञानच्या बारा जणांनी तालुका विज्ञान प्रदर्शनासाठी गणपतीच्या मिरवणुकीतला आवाज हा विषय घेतला. विषय मुलांनीच निवडला आणि मलाही आवडला. पुण्यात लक्ष्मी रस्त्यावर अभियांत्रिकीचे विद्यार्थी विसर्जनाच्या दिवशी आवाज मोजतात आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या बातम्या येतात. मुलांना तसंच काहीतरी आपल्या गावात करायचं होतं. पाचव्या दिवशीच्या विसर्जनाला त्यांनी जुन्या पेठेतला चौक, दवाखान्यासमोरचा रस्ता आणि देवळामागचा बोळ अशा तीन जागा धरल्या. साधन म्हणजे मोबाइल आणि त्यावरचं फुकटातलं ॲप. दर मिनिटाला आकडा बघायचा आणि वहीत लिहायचा. गटातला एक मुलगा स्वतः ढोल पथकात वाजवतो, त्यामुळे चौकात वाजवणाऱ्या पथकात ४० ढोल होते ही माहिती पक्की होती.

इथवर सगळं ठीक होतं. मग प्राचार्यांना कल्पना सुचली की हा अहवाल प्रदर्शनापुरता कशाला ठेवायचा? अनंत चतुर्दशीच्या आधी पोलीस ठाण्यात शांतता कमिटीची बैठक असते, मंडळांचे अध्यक्ष येतात, तिथेच मुलांनी तो वाचून दाखवावा. बैठक नवव्या दिवशी होती. म्हणजे मोजणी ते वाचन यांच्यात जेमतेम चार दिवस.

अकरावीला ध्वनीचं प्रकरण तोवर सुरूच झालं नव्हतं. मुलांनी डेसिबलचं सूत्र स्वतःच शोधून वहीत उतरवून घेतलं होतं. मीही पाहून मान डोलावली होती.

अडचण

सहाव्या दिवशी सकाळी अहवाल माझ्या टेबलावर आला. सुवाच्य अक्षर, समासात लाल पट्टी, मुखपृष्ठावर गणपती. त्यातली दोन वाक्यं जशीच्या तशी देते.

"निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल असताना चौकात ९० डेसिबल आवाज होता, म्हणजे आवाज मर्यादेच्या दीडपटीहून अधिक होता."

"मंडळांनी ढोलांची संख्या ४० वरून २० केल्यास आवाज ९० वरून ४५ डेसिबल होईल व तो रात्रीच्या मर्यादेतही बसेल."

केंद्र सरकारच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल अशी मर्यादा आहे. रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. त्यामुळे ९० चे निम्मे बरोबर ४५ आल्यावर मुलं हरखून गेली होती. गटप्रमुख मुलगी म्हणालीसुद्धा, "मॅडम, नेमकं बसलं!" गणितात उत्तर असं चपखल बसलं की ते तपासायची इच्छाच मरते.

दोन्ही वाक्यं चुकीची होती, आणि चूक बेरीज-वजाबाकीतली नव्हती. डेसिबलची पातळी काढताना त्या ध्वनीची तीव्रता, म्हणजे दर चौरस मीटरमागे किती वॅट शक्ती येते ते, एका ठरलेल्या अतिशय लहान तीव्रतेने भागतात. ही आधार-तीव्रता १० चा उणे १२ वा घात इतके वॅट प्रति चौरस मीटर धरतात. तरुण, निरोगी कानाला जेमतेम ऐकू येईल एवढी ती असते. आलेल्या भागाकाराचा लॉग, म्हणजे तो १० चा कितवा घात आहे ते, घ्यायचा आणि त्याला १० ने गुणायचं. म्हणजे ९० डेसिबल म्हणजे आधाराच्या १०० कोटी पट तीव्रता आणि ५५ डेसिबल म्हणजे सुमारे ३ लाख १६ हजार पट. या दोन तीव्रता एकमेकींच्या दीडपट नाहीत, त्यांच्यात ३,१६२ पटींचा फरक आहे. कानाला हा फरक इतका जाणवत नाही. साधारण दर १० डेसिबलला आवाज दुप्पट मोठा वाटतो असं धरलं, तर ३५ डेसिबलचा फरक अकरा-एक पटींचा वाटेल. कुठूनही मोजा, दीडपट काही येत नाही.

मला जास्त खटकलं ते दुसरं वाक्य. पहिल्यात नुसतं वर्णन चुकलं होतं, दुसऱ्यात सल्ला चुकला होता. मंडळांनी मुलांचं ऐकून खरंच २० ढोल आणले असते, तर आवाज ९० चा ८७ झाला असता. रस्त्यावर उभ्या माणसाला फरक जेमतेम कळला असता. पुढच्या वर्षी कुणी म्हणालं असतं, "ढोल कमी करून बघितले की, काही होत नाही." आणि ते खोटं ठरवता आलं नसतं.

कोणते पर्याय होते

पहिला पर्याय माझ्या हातात होता, अगदी शब्दशः. लाल पेन होतं. दोन वाक्यं खोडून बरोबर आकडे लिहायला दहा मिनिटं पुरली असती आणि अहवाल वेळेत गेला असता. पण बैठकीत एखाद्या अध्यक्षाने "निम्म्या ढोलांनी फक्त तीनच कसा कमी होईल रे?" असं विचारलं असतं, तर मुलांकडे "मॅडमनी लिहिलंय" याशिवाय उत्तर नसतं.

दुसरा पर्याय गणिताच्या सरांनी सुचवला. त्यांचं म्हणणं असं की मुलांना लॉगच समजलेला नाही, आधी घातांक, मग लॉग, मग डेसिबल असं पायरीपायरीने घ्या, आठवडा लागेल, अहवाल पुढच्या वर्षी द्या. तात्त्विकदृष्ट्या सर बरोबर होते. पण विसर्जन झाल्यावर मिरवणुकीच्या अहवालात कुणाला रस? आणि मुलांचा सगळा उत्साह त्या बैठकीभोवतीच होता.

तिसरा पर्याय म्हणजे प्रयोगशाळेत दोन सारखे आवाज एकत्र वाजवायचे, मीटरवर आकडा बघायचा आणि ९०चं ४५ होतं की नाही हे मुलांनाच ठरवू द्यायचं. मी हा निवडला. आजही मला तोच बरोबर वाटतो, फक्त मी तो ज्या पद्धतीने केला ती चुकीची होती.

काय केलं

*पहिला प्रयत्न, सहावा दिवस*

शेजारच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या ओळखीच्या सरांकडून खरा ध्वनिपातळी मीटर मागून आणला. सोबत त्याचा कॅलिब्रेटरही मिळाला. मीटरच्या मायक्रोफोनवर टोपीसारखा बसवायचा, बटण दाबायचं, तो ९४ डेसिबलची शिट्टी देतो. मीटरने ९४ दाखवले तर मीटर ठीक. ९४ हा आकडा विचित्र वाटतो, पण ध्वनीच्या दाबात मोजलं तर तो बरोबर १ पास्कल येतो.

दोन स्टुलांवर दोन मोबाइल आणि समोर एक मीटर अंतरावर ध्वनिपातळी मीटर. दोन्ही मोबाइलवर १००० हर्ट्झचा शुद्ध स्वर लावायचा असं मी ठरवलं. शुद्ध स्वर म्हणजे शुद्ध प्रयोग, अशी माझी समजूत! एक मोबाइल वाजवला, ६८. दुसरा एकटा वाजवला, तोही ६८. आता दोन्ही एकदम.

आकडा ७३ वर गेला. मुलांनी वहीत लिहिला. लिहीपर्यंत तो ७० वर आला, मग ६५, मग ५९. सगळे बघत राहिले. अर्ध्या मिनिटात पुन्हा चढून ७३. एका मुलाने स्टुलाजवळून पलीकडे जायला पाय उचलला, तर आकडा आणखीच हलला.

"मॅडम, दोन मिळून एकापेक्षा कमी?"

चूक माझी होती. एका फोनचे १००० हर्ट्झ दुसऱ्याच्या १००० हर्ट्झशी तंतोतंत जुळत नाहीत. त्यांच्यात अगदी बारीक फरक असतो, आणि जवळजवळ सारखे दोन शुद्ध स्वर एकत्र आले की विस्पंद तयार होतात. कधी शिखरावर शिखर येतं आणि आवाज वाढतो, कधी शिखरावर दरी येते आणि आवाज पडतो. त्यातून खोलीच्या भिंतींवरून परतणारा आवाज, त्यामुळे जागा बदलली की आकडा बदलतो. बारावीला मी हेच फळ्यावर शिकवते, पण समोर घडताना ओळखायला मला पाच मिनिटं लागली.

इथे एक निर्णय घ्यायचा होता. तास संपायला वीस मिनिटं होती. हे असं का होतंय हे समजावत बसायचं, की प्रयोग बाजूला ठेवायचा? मी समजावत बसले. मुलं डेसिबलसाठी आली होती आणि विस्पंद घेऊन घरी गेली. त्यातल्या दोघांनी तर मला वाटतं असा निष्कर्ष काढला की ढोल वाढवले की आवाज कमीही होऊ शकतो. माझं पथकातल्या मुलाकडे लक्ष गेलं, तो गालातल्या गालात हसत होता.

*दुसरा प्रयत्न, सातवा दिवस*

कॉलेजला सुट्टी होती, तरी दहा जण आले. या वेळी शुद्ध स्वर नाही. जुन्या टीव्हीवर चॅनेल गेलं की मुंग्या यायच्या आणि त्याबरोबर जो खरखराट यायचा, तसा आवाज प्रत्येक फोनवर वेगवेगळा सुरू केला. दोन खरखराटांचा एकमेकांशी काही ताळमेळ नसतो, त्यामुळे शिखर-दरीचा खेळ होत नाही आणि ऊर्जा सरळ जमा होते. दोन ढोलवाल्यांचंही असंच असतं. कितीही ठेक्यात वाजवलं तरी दोघांच्या लहरी अशा सूतभर जुळून येत नाहीत.

एक फोन: ६६. दोन फोन: ६९. मुलांना वाटलं मीटर अडकला. मग चार फोन: ७२. आठ: ७५.

फळ्यावर हे चार आकडे एकाखाली एक लिहिले आणि मी काहीच बोलले नाही. दर दुपटीला ३ हे त्यांना दिसलं. पण का, ते कुणालाच सांगता येईना. सूत्र सगळ्यांना पाठ होतं, त्यात लॉग आहे हेही माहीत होतं. त्याचा समोरच्या फोनशी काही संबंध आहे, असं मात्र कुणाच्या चेहऱ्यावर दिसत नव्हतं.

बारावी बोर्डाच्या भौतिकशास्त्राच्या पेपरला कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबल चालतं. म्हणून अकरावीच्या पहिल्या प्रात्यक्षिकापासून मुलांच्या हातात लॉग टेबल असतं. ओळ शोधा, रकाना शोधा, मीन डिफरन्स मिळवा, बेरीज करा, अँटिलॉग काढा. बोटं सराईतपणे फिरतात. मी म्हटलं, जर्नल काढा, लंबकाचा प्रयोग काढा.

"इथे वर्गमूळ कसं काढलं?"

"लॉग घेतला, त्याला दोनने भागलं, अँटिलॉग काढला."

"बरं. डेसिबल म्हणजे काय?"

"लॉग गुणिले दहा."

"मग ९० चे ४५ केले तेव्हा तुम्ही लॉगचं काय केलंत?"

कुणीतरी "निम्मा" असं पुटपुटलं. मग गटप्रमुख मुलीने जर्नल मिटलं आणि म्हणाली, "मॅडम, आम्ही वर्गमूळ काढलं."

१०० कोटींचं वर्गमूळ सुमारे ३१,६२३. तिने ते टेबलवरून काढूनच दाखवलं. म्हणजे ९० वरून ४५ वर यायचं तर तीव्रता तीस हजारांहून जास्त पटीने खाली आणावी लागेल. ४० ढोलांना ३१,६२३ ने भागलं तर एका ढोलाचा जेमतेम आठशेवा भाग उरतो. पथकातला मुलगा म्हणाला, "टिपरूसुद्धा नाही उरणार." त्यानंतर मात्र दुपटीला ३ का, हे कुणी शिकवावं लागलं नाही. २ चा लॉग ०.३०१० हा आकडा त्यांना झोपेतही येतो. त्याची दहापट ३.०१.

इतकं जवळ होतं ते. मी दोन महिने त्यांना लॉग टेबल वापरायला लावत होते, लॉगची बेरीज म्हणजे मूळ आकड्यांचा गुणाकार हे दर प्रात्यक्षिकात त्यांच्या हातून होत होतं, आणि मी हा धागा कधी ओढलाच नव्हता. एकेकाळी टेलिफोनच्या तारांचा हिशेब करणाऱ्या इंजिनिअरांनी हे मापन काढलं तेही याच सोयीसाठी. तारेच्या दर मैलाला आवाज ठराविक पटीने घटतो, लांबी वाढली की गुणाकारावर गुणाकार. लॉग घेतला की नुसत्या वजाबाक्या उरतात. १९२० च्या दशकात अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांच्यावरून त्याला बेल नाव मिळालं, आणि त्याचा दहावा भाग तो डेसिबल.

मग वेगवेगळ्या पातळ्यांची बेरीज केली. ८५, ८५ आणि ७९ डेसिबलचे तीन आवाज एकत्र आले तर? प्रत्येकाला १० ने भागा, अँटिलॉग काढा, तीव्रता मिळवा, पुन्हा लॉग घ्या. उत्तर ८८.५. दोन ८५ चे ८८ होतात आणि ७९ वाला त्यात जेमतेम अर्धा डेसिबल घालतो. एका मुलीने विचारलं, "म्हणजे मोठ्या आवाजात छोटा बुडून जातो?" मीटरच्या आकड्यात, हो.

*त्याच संध्याकाळी चौकात*

मीटर हाताशी होता म्हणून सातव्या दिवशीच्या मिरवणुकीलाही गेलो. तेच पथक, तेच ४० ढोल, पथकाच्या कडेपासून दहा मीटरवर आम्ही. मीटर १०१ दाखवत होता. शेजारी धरलेला मुलाचा फोन ९०.

ढोल थांबले, दोन्ही खाली आले. पुन्हा सुरू झाले, मीटर ९९, १०१, १०२, आणि फोन ९०, ९०, ९०.

त्या फोनचा मायक्रोफोन ९० च्या पुढे जातच नव्हता. फोन बनतात बोलण्यासाठी. फार मोठा आवाज आला की काही फोन तो दाबतात किंवा वरचा भाग कापून टाकतात. घरी येऊन पाचव्या दिवसाची वही काढली. चौकाच्या पानावर वर ९० लिहिलं होतं आणि त्याखाली अकरा वेळा 'वरीलप्रमाणे'ची दोन टिंबं. मिरवणुकीचा आवाज अकरा मिनिटं एका डेसिबलनेही हलला नाही, हे पान मी तपासून त्यावर सही केली होती.

आणखी एक गोष्ट त्या संध्याकाळी कळली. मागून ध्वनिवर्धकांच्या भिंतीची गाडी आली तेव्हा एक मुलगा म्हणाला, "मॅडम, छाती धडधडतेय पण मीटर ९८ च म्हणतोय, ढोलांपेक्षा कमी." मीटरवर ए आणि सी अशी दोन वजनं असतात, म्हणजे खर्ज किंवा उंच आवाज किती धरायचा याच्या दोन पद्धती. कायद्यातली मर्यादा ए वजनावर आहे, आणि ते कमी पातळीच्या आवाजाला मानवी कान कसा प्रतिसाद देतो त्यावर बेतलेलं आहे. त्यात खर्ज मोठ्या प्रमाणात वजा होतो. १०० हर्ट्झला सुमारे १९ डेसिबल, ६३ हर्ट्झला सुमारे २६. कळ सी वर नेली तर तीच गाडी १११. छाती खोटं बोलत नव्हती. त्यानंतर मुलांनी अहवालात प्रत्येक आकड्यापुढे ए की सी ते लिहिलं. वर्तमानपत्रात हे जवळजवळ कधीच नसतं.

*अहवाल पुन्हा लिहिताना*

इथे तिसरा निर्णय. पाचव्या दिवसाचे चौकातले आकडे ठेवायचे का? प्राचार्यांचं मत होतं की दोन दिवसांची मोजणी जास्त भारदस्त दिसते. मुलांमध्येही मतभेद झाले, कारण पाचव्या दिवशी गर्दीत तासभर उभं राहून घेतलेले आकडे होते ते. शेवटी त्या फोनचं पान अहवालात ठेवलं, पण 'हा फोन ९० वर अडकत होता, हे आकडे वापरलेले नाहीत' असा शेरा मारून. उरलेल्या दोन जागांचे फोन मीटरशेजारी ठेवून ताडून बघितले. ७० च्या आसपास ते चार डेसिबलच्या आत होते, म्हणून ते आकडे 'अंदाजे' म्हणून घेतले.

सरासरी काढताना तर मीच चपापले. कायद्यातली मर्यादा क्षणाच्या आवाजाला लागत नाही, ती त्या कालावधीतल्या ऊर्जेच्या सरासरीला लागते. समजा चौकात दिवसाच्या सोळा तासांपैकी पंधरा तास ५० डेसिबल आणि एक तास १०१. मुलांनी नेहमीच्या सरासरीने ५३ काढले. म्हणजे मर्यादेच्या आत, कायदा पाळला! तीव्रतांची सरासरी काढली तर ८९. पंधरा शांत तासांनी त्या एका तासाला फक्त १२ डेसिबलने खाली ओढलं, तेही एक तास सोळा तासांत वाटला गेला म्हणून. शांत तासांची स्वतःची ऊर्जा त्यात धरण्याइतकीही नाही.

ढोलांचा हिशेब असा झाला: ४० चे १०१, २० चे ९८, १० चे ९५, ४ चे ९१, आणि एकच ढोल वाजवला तर साधारण ८५. एक ढोलसुद्धा ५५ च्या तीस डेसिबल वर. त्यामुळे 'ढोल निम्मे करा' ही शिफारस गेली. अंतराचंही गणित केलं. उघड्या मैदानात एका ठिकाणाहून येणारा आवाज अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबलने पडतो. पेठेत मात्र पथक लांबवर पसरलेलं आणि दोन्ही बाजूंना भिंती, त्यामुळे दहावरून वीस मीटरवर गेल्यावर मीटर फक्त ४ ने उतरला. तो मोजलेला आकडाच लिहिला, पुस्तकातला ६ नाही.

शेवटी शिफारशी दोनच उरल्या. दवाखान्याच्या १०० मीटरच्या शांतता क्षेत्रात ढोल न वाजवता पुढे जाणं, आणि वाजवणाऱ्यांनी कानात बोळे घालणं. दुसरी शिफारस पथकातल्या मुलाने आणली. अमेरिकेतली कामगार आरोग्याची एक सरकारी संस्था, नायॉश, ८५ डेसिबलला रोज ८ तास अशी शिफारस करते, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मी. ८८ ला ४ तास, ९१ ला २, ९४ ला १ तास, ९७ ला अर्धा, १०० ला पंधरा मिनिटं. त्याने फळ्यावर हे उतरवलं, खडू ठेवला आणि म्हणाला, "आमचा सराव तीन तास असतो."

निकाल

बैठकीत मुलांना सात मिनिटं मिळाली. गटप्रमुख मुलीने ४०, २०, १०, ४, १ असे ढोल आणि त्यापुढे डेसिबल लिहिलेला कागद उभा धरला. एका अध्यक्षांनी लगेच विचारलं, "म्हणजे वीस आणले काय नि चाळीस आणले काय, सारखंच ना?" हा प्रश्न येणार हे आम्हाला सुचायला हवं होतं, सुचलं नव्हतं. ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, "काका, ऐकायला जवळपास सारखंच. पण मग चाळीस कशाला आणता?" हशा पिकला. ढोल कमी झाले नाहीत.

दवाखान्याचा मुद्दा तीन मंडळांनी मान्य केला. अनंत चतुर्दशीला दोघांनी पाळला. पथकातले काही जण सरावाला कानात फोमचे बोळे घालू लागले. किती जण आणि किती दिवस, हे मी मोजलेलं नाही.

अभ्यासाच्या बाजूने निकाल अर्धवट आहे. महिन्याभराने बारा जणांना न सांगता दोन प्रश्न दिले. ६० डेसिबलची दोन यंत्रं एकत्र चालली तर किती? नऊ जणांनी ६३ लिहिलं. अर्धा तास ६० आणि अर्धा तास ९० असेल तर तासाची समतुल्य पातळी किती? आठ जणांनी ७५ लिहिलं. बरोबर उत्तर ८७. दोन्ही प्रश्न एकाच गोष्टीबद्दल आहेत असं मला वाटत होतं, मुलांना मात्र 'एकत्र' आणि 'सरासरी' ही दोन वेगळी प्रकरणं वाटली.

पुन्हा करायचं झालं तर

शुद्ध स्वर वापरणार नाही. पहिल्या दिवसापासून खरखराट. विस्पंद हवेच असतील तर ते वेगळ्या तासाला, मुद्दाम लावून.

सूत्र शेवटी देईन. आधी एक, दोन, चार, आठ फोन आणि मीटरचे आकडे, मग लंबकाचं जर्नल, मग सूत्र. मुलांनी स्वतः शोधलेल्या सूत्रावर मी मान डोलावली तिथेच खरं तर प्रकरण बिघडलं होतं.

भाषा सांभाळेन. 'आवाजाची तीव्रता ९० डेसिबल' असं आपण सर्रास लिहितो, बोलतो, मीही बोलत होते. तीव्रता वॅट प्रति चौरस मीटरमध्ये असते, डेसिबलमध्ये पातळी असते. तीव्रता निम्मी होते, पातळी ३ ने उतरते. एकाच शब्दाने दोन्ही सांगितलं तर मुलाने ९० चे ४५ का करू नयेत? आता माझ्या वर्गात डेसिबलबरोबर 'तीव्रता' म्हटलं की दंड एक रुपया. डबा माझ्याच पैशांनी भरतो आहे.

वहीतल्या 'वरीलप्रमाणे'च्या खुणांवर बंदी. प्रत्येक मिनिटाचा आकडा पूर्ण लिहायचा. आणि फोन बाहेर नेण्याआधी प्रत्येकाची वरची मर्यादा वर्गात तपासायची. एक भांडं आणि एक पळी त्याला पुरते.

गणिताच्या सरांचा आठवड्याचा आराखडा मी नाकारला, त्याबद्दल मात्र अजून मन पुरतं स्वच्छ नाही. सरासरीच्या प्रश्नात आठ जण पडले ते कदाचित त्या आठवड्यात सावरले असते. पण तो आठवडा बैठकीच्या आधी मिळणार नव्हता, आणि ४० ढोल नसते तर त्या वर्गमूळाला कुणी हसलंही नसतं.

दिवाळीच्या तोंडावर पथकातला मुलगा एक कागद घेऊन आला. फटाक्यांच्या नियमाची झेरॉक्स. एका फटाक्याला ४ मीटरवर १२५ डेसिबलची मर्यादा, आणि माळ असेल तर माळेतल्या फटाक्यांच्या संख्येचा लॉग घेऊन त्याच्या पाचपटीने ती मर्यादा कमी करायची.

"मॅडम, आपण तर दहापट शिकलो. शंभराच्या माळेला वीसने कमी व्हायला हवं, इथे दहानेच होतंय."

"माळेतले शंभरही फटाके एकदम फुटतात का?"

तो थोडा वेळ गप्प उभा राहिला. मग माझ्या टेबलावरचं लॉग टेबल उचललं आणि मागच्या बाकावर जाऊन बसला.